दादाच्या खुर्चीचे नट

अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये एका लेनचं ७५ किलोमीटर सलग डांबरीकरण झालं आणि त्याचा गिनीज विक्रम नोंदला गेला. त्या रस्त्यावर दादाची व्हीलचेअर पाण्यावरून गेल्यासारखी जाते. पण मूर्तिजापूर तालुक्यातलं आमचं गाव आतल्या बाजूला. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, वरचा रस्ता उंचसखल होतो. त्या हादऱ्यांनी खुर्चीचे नट सुटायला लागतात.

अकोल्याच्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांनी सीटखालच्या कैचीचा नट खोलला आणि परत चढवून दाखवला. "हा पुरा बोटानं फिरून राह्यला ना पोरी, म्हणजे याचा जीव गेला. फेक त्याले."

तो नायलॉक नट. वरच्या टोकाशी आतून नायलॉनची कडी असते, ती बोल्टच्या आट्यांना आवळून धरते. खुर्चीची घडी व्हायची तर कैचीचा नट करकचून आवळता येत नाही, आणि न आवळलेल्या जागी स्प्रिंग वायसरचा उपयोग नाही. तिथे सगळी भिस्त त्या कडीवर. नट खोलला की दर वेळी तिची पकड थोडी कमी होते.

पारख सोपी आहे. कडीपर्यंत नट बोटानं जाणारच. कडीत आटे शिरल्यावर मात्र पाना लागला पाहिजे. पूर्ण आवळल्यावर बोल्टचे एक-दोन आटे कडीबाहेर दिसले पाहिजेत, नाहीतर बोल्ट आखूड आहे. गंजलेला बोल्ट नव्या नटाचीही कडी कुरतडतो, मग दोन्ही बदलायचे. हात टेकायच्या पट्टीचा नट या पारखेला उतरला तर मी पुन्हा वापरते. ब्रेक, पुढची छोटी चाकं आणि कैची इथे खोललेला नट परत लावत नाही, पारखेला उतरला तरी. उतारावर ब्रेक निसटला तर दादाला सावरायला दुसरं काही नाही.

उन्हानं नायलॉन बिघडतं का, असं शेजारच्या वहिनींनी विचारलं. अकोल्याचं ४५-४६ अंशांचं ऊन त्याला काही करत नाही. ते साधारण १२० अंशांपर्यंत टिकतं. वेल्डिंग मात्र वेगळं. गेल्या वर्षी फ्रेमला टाका मारायचा होता, तेव्हा जवळचे नट आधीच काढून घेतले आणि जोड थंड झाल्यावर नवे लावले.