कडेची कात्रणे

नाताळची चाहूल आमच्या घरी प्रथम नाकाला लागत असे. आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला की त्या संध्याकाळी बाबा चुलीवर खळ शिजवायला ठेवीत. मैदा थंड पाण्यात कालवायचा, एकही गुठळी राहू द्यायची नाही आणि मंद आचेवर तो सारखा ढवळत राहायचा. पांढरे पीठ जरा पारदर्शक दिसू लागले की त्यात चिमूटभर मोरचूद पडे. मोरचुदामुळे खळीवर निळसर झाक येई आणि कसर त्या कागदाच्या वाटेला जात नसे. मोरचूद विषारी, म्हणून आईने कान तुटलेले एक पातेले या कामासाठी कायमचे वेगळे काढून दिले होते. त्या पातेल्याला आम्हा मुलांचा हात लागलेला तिला मुळीच खपत नसे.

बाबा गिरगावातील एका छापखान्यात बाइंडिंग खात्यात होते. वसई रोडहून पहाटेची गाडी पकडायची आणि रात्री परतायचे, असा त्यांचा तीस-बत्तीस वर्षांचा नेम. लग्नसराईत छापखान्यात लग्नपत्रिकांचे ढीग पडत आणि कटिंग मशीनखालून निघालेली जाड, गुळगुळीत, रंगीत कात्रणे मालकाच्या परवानगीने बाबांच्या पिशवीतून आमच्या घरी येत. बोटभर रुंदीच्या त्या पट्ट्या आम्हाला सोन्यासारख्या वाटत. सिगारेटच्या पाकिटातील चांदी, पतंगाचा कागद, शाळेतून उरलेला घोटीव कागद आणि ही कात्रणे एवढ्या सामग्रीवर आम्ही भावंडे दरवर्षी तीस-चाळीस शुभेच्छापत्रे तयार करीत असू. विकतची कार्डे आमच्या ऐपतीबाहेरची होती, हे त्याचे खरे कारण. पुढे लोक त्याला कला म्हणू लागले.

बाबांची शिकवण शब्दांत फारशी नसे. पण एक गोष्ट त्यांनी मला नीट समजावून सांगितली होती, ती कागदाच्या अंगाविषयी. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदातील तंतू बहुतांशी एकाच दिशेने पहुडलेले असतात. त्या दिशेने कागद फाडला तर तो सरळ फाटत जातो, आडवा फाडला तर वेडावाकडा. घडीचेही तसेच. तंतूंच्या दिशेने घातलेली घडी स्वच्छ बसते, उलट दिशेने घातली तर जाड कागदाच्या कडेवर भेगा पडतात. "आधी कागदाला विचारायचं, मग वळवायचं," असे ते म्हणत आणि चमच्याच्या दांड्याने घडीच्या जागी हलकीशी रेघ ओढीत. आजही कोणतेही कार्ड हाती आले की मी आधी त्याची घडी पाहते. महागड्या दुकानांतील कित्येक कार्डांनी कागदाला विचारलेले नसते!

आमचे सर्वांत लाडके कार्ड गव्हाणीचे. कागदाची घडी घालायची, घडीच्या बाजूने दोन समांतर चिरा द्यायच्या, मधला भाग आत ढकलायचा की कार्ड उघडताच एक छोटी पायरी उभी राहते. त्या पायरीवर बाळ येशू, मागे मरिया आणि योसेफ. मेंढपाळ मात्र नेहमी कात्रणाच्या अरुंद पट्टीचे, म्हणून ते सारे विलक्षण किडकिडीत असत. पाकीट न चिकटवता ही कार्डे बुकपोस्टाने जात.

याखेरीज एक कार्ड केवळ आपल्या ख्रिस्ती घरांतलेच. आध्यात्मिक पुष्पगुच्छ. धर्मगुरूंचा सण, आजीचा वाढदिवस, सिस्टरांचा रौप्यमहोत्सव अशा प्रसंगी भेटवस्तू न देता इतक्या मिस्सा, इतक्या जपमाळा, इतके त्याग अशी यादी सुबक अक्षरांत लिहून, भोवती फुले काढून द्यायची. माझ्या धाकट्या भावाने एकदा उत्साहाच्या भरात आजीला शंभर जपमाळा लिहून दिल्या. आजी हिशेबाला पक्की. ती रोज रात्री विचारी, "किती राहिल्या रे?" पुढल्या पावसाळ्यापर्यंत ते कर्ज फिटत होते.

छापील नाताळकार्डाचा जन्म तसा फार जुना नव्हे. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल या गृहस्थांना एवढ्या पत्रांना उत्तरे लिहायला सवड होईना, म्हणून त्यांनी जॉन हॉर्स्ले या चित्रकाराकडून एक कार्ड काढवून घेतले. सुमारे हजार प्रती, प्रत्येकी किंमत एक शिलिंग. मध्यभागी मेजाभोवती बसून मद्याचे प्याले उंचावणारे सुखवस्तू कुटुंब आहे. त्यात एका लहान मुलीच्याही ओठांना प्याला लावलेला, म्हणून दारूबंदीवाल्यांनी गहजब केला. टीका झाली ती मधल्या चित्रावर. पण दोन्ही कडांना दोन अरुंद चौकटी आहेत, त्यांत एकीकडे भुकेल्यांना अन्न आणि दुसरीकडे उघड्यांना वस्त्र देण्याची दृश्ये आहेत. त्या कार्डाचे चित्र प्रथम पाहिले तेव्हा माझेही लक्ष मेजाकडेच गेले होते. कडेला कोण उभे आहे हे पाहण्याची सवय मला नव्हती आणि त्याची किंमत मी एकदा भरलेली आहे. ती हकीगत सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

1994 च्या मे महिन्यात आई-बाबांच्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण होणार होती. धर्मग्रामात कृतज्ञतेचा मिस्सा, अंगणात मांडव, असा घाट भावांनी घातला. मी ठरवले की आपण एक स्मृतिग्रंथ करावा. बाबांना कळू न देता, कारण त्यांच्यासमोर शिवण घालण्याची माझी छाती नव्हती. पुण्याच्या हातकागद संस्थेचा सुती चिंध्यांपासून केलेला कागद मी मागवला. या कागदाची गंमत अशी की तो साच्यात हाताने उचललेला असल्यामुळे त्याच्या तंतूंना ठराविक दिशा जवळजवळ नसतेच. तो कोणत्याही अंगाने वळायला राजी असतो. शिवाय लाकडाच्या लगद्याचे वर्तमानपत्र जसे काही वर्षांतच पिवळे पडून तुटते, तसे त्याचे होत नाही.

पंचवीस पाने, म्हणजे पन्नास पृष्ठे, दर वर्षाला एक. विवाहाच्या नोंदीची नक्कल, आमच्या बाप्तिस्म्यांच्या तारखा, बाबांच्या रेल्वे पासाचा तुकडा, आईच्या लुगड्याच्या काठाची चिंधी, नातवंडांनी केलेला आध्यात्मिक पुष्पगुच्छ. पारदर्शक प्लॅस्टिकखाली आपोआप चिकटणाऱ्या पानांचे अल्बम मी कटाक्षाने टाळले, कारण त्यांचा गोंद पिवळा पडून फोटोला कायमचा धरून बसतो. सेलोटेपही वापरली नाही. इतकी सावधगिरी मी बाळगली होती, आणि तरीही.

मुखपृष्ठानंतरच्या पहिल्या पानावर काय असावे याविषयी मला शंकाच नव्हती. आईच्या पेटीत 1944 सालचा लग्नाचा एकमेव फोटो होता. चर्चच्या पायऱ्यांवर वऱ्हाड उभे, मध्ये नवरा-नवरी, दोन्ही बाजूंना पाचपन्नास माणसे. चेहरे तांदळाएवढे. मला वाटले, या गर्दीत आई-बाबा हरवून गेले आहेत. मी लंबगोल आकार आखला, धारदार कात्रीने त्या दोघांना अलगद बाहेर काढले आणि भोवती कागदी जाळी लावली. पान खरोखरच देखणे झाले. उरलेली कडा मी इतर कपट्यांबरोबर गोळा केली आणि सकाळी अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातली.

समारंभाच्या दिवशी मांडवात सर्वांसमोर मी तो ग्रंथ आईच्या हाती दिला. तिने पहिले पान उघडले. लोक टाळ्या वाजवीत होते. ती त्या लंबगोलाकडे पाहत राहिली, मग तिने पान उलटून मागची बाजू पाहिली, जणू उरलेले वऱ्हाड तिकडे गेले असावे.

"बाकीचा फोटो कुठं आहे?" तिने हळूच विचारले.

"तो कापला, आई. तुम्ही दोघंच नीट दिसावीत म्हणून."

"कडेला धाकटी उभी होती."

आईला एक धाकटी बहीण होती आणि ती लवकर वारली, एवढेच आम्हाला ठाऊक होते. तिच्याविषयी आई कधी बोलत नसे. 1945 च्या पावसाळ्यात विषमज्वराने ती गेली, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तिचा दुसरा फोटो या जगात नव्हता, हे मला त्या क्षणी मांडवात उभी असताना कळले.

"तुकडे ठेवलेस ना?"

मी बंबाचे सांगितले. आईने ग्रंथ मिटला आणि म्हणाली, "चला, केक कापायचाय. पोरं ताटकळलीत."

रात्री पाहुणे गेल्यावर बाबा माझ्याजवळ येऊन बसले. मला वाटले होते की ते रागावतील. ते म्हणाले, "माल पोचल्याशिवाय कात्रण टाकायचं नसतं, बाय. आठ दिवस तरी ठेवायचं." छापखान्याचा हा नियम त्यांनी मला लहानपणीच सांगितला होता.

पुढचे काही महिने मी घरोघर हिंडले. आईच्या माहेरची प्रत एका पावसाळ्यात वाळवीने संपवली होती. ज्या छायाचित्रकाराला मुंबईहून बोलावले होते, त्याचा स्टुडिओ केव्हाच बंद झाला होता. एका वृद्ध मामींकडे तोच फोटो आहे असे कळले म्हणून गेले, तो निघाला दुसऱ्याच कुणाच्या लग्नाचा. आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. मात्र तो ग्रंथ तिने पुन्हा उघडला नाही. कुणी पाहुणे मागू लागले तर ती कपाटाकडे बोट दाखवी आणि स्वयंपाकघरात निघून जाई. रागावली असती तर बरे, असे मला वाटे.

2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही कबरस्तानातून मेणबत्त्या लावून परतलो. आईने पाय धुतले आणि मला म्हणाली, "त्या पुस्तकात कोरं पान आहे का?" पहिल्या चित्रासमोरचे पान मी शोभेसाठी कोरेच ठेवले होते. तिने नातवाचे बॉलपेन मागून घेतले. आईचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. ती क्वचितच लिही, तेही किराण्याची यादी. त्या दिवशी तिने सहा ओळी लिहायला पाऊण तास घेतला आणि मी पाहू नये म्हणून पानावर हात आडवा धरला.

ते पान तिने एकदाच लिहिले नाही. वर्षातून एक-दोनदा ती ग्रंथ काढायला सांगे आणि एखादी ओळ वाढवी. निळी, काळी, एकदा तर हिरवी शाई. बाबा गेल्यानंतर तिचे हे लिहिणे वाढले. 2007 साली आई गेली, तोवर समास भरून ओळी पानाच्या कडेने उभ्या चढल्या होत्या.

आता नाताळपूर्वी दोन शनिवार धर्मग्रामाच्या सभागृहात मी मुलांना कार्डे करायला शिकवते. मुले मोबाइलवर दिवसाला शंभर फोटो काढतात. त्यांना मूळ फोटोला कात्री लावू नये, झेरॉक्स किंवा प्रिंट काढून ती कापावी, फोटो चिकटवण्याऐवजी चार कोपऱ्यांत कागदी त्रिकोण लावून त्यात खोचावा, मागे नावे लिहायची ती मऊ पेन्सिलीने, हे सारे मी सांगते. ती ऐकतात, कारण शेवटी खाऊ असतो. सभागृह झाडण्याआधी सगळी कात्रणे एका मोठ्या पाकिटात जातात, त्यावर तारीख पडते आणि ते पाकीट आठ दिवस माझ्या कपाटात राहते. गेल्या वर्षी एका आईने कौतुकाने विचारले, "बाई, कचरा सांभाळून काय करता?" मी हसून वेळ मारून नेली.

ग्रंथ माझ्याजवळ आहे. लंबगोलातील आई-बाबा थोडे फिकट झाले आहेत, जाळी एका बाजूने सुटली आहे. समोरच्या पानावर आईने लिहिलेले असे आहे:

धाकटी डाव्या कडेला, खांबाजवळ उभी होती. निळा फ्रॉक, फोटोत काळा दिसतो. केसांना खोबरेल जास्त झालं होतं. बूट शेजारून मागून आणलेले, मोठे होत होते, म्हणून पुढं कागद कोंबला होता. बूट दिसू नयेत म्हणून ती मागं सरकली. फोटोवाला पुढं ये म्हणाला तरी आली नाही.

त्याखाली काळ्या शाईत: तिला शिट्टी वाजवता येत होती. वडील रागावत.

कडेने वर चढणारी, थरथरत्या हाताची शेवटची ओळ बहुधा 2006 मधली असावी: लग्नाच्या दिवशी सगळ्यांना वाढता वाढता ती उपाशी राहिली. मी विचारलं नाही.