सायकल थांबली होती, तरी मी पडलो: चढ, क्लिपलेस पेडल आणि मनगटाचं एक छोटं हाड

"गाडी तं थांबली होती न काका, मंग पडले काहून?"

सत्याग्रही घाटात मला हात देऊन उठवणाऱ्या शेतकरीदादाचा हा प्रश्न. संत्र्याची क्रेट मोटरसायकलला बांधून ते मागून येत होते. तेव्हा मी काहीतरी पुटपुटलो. आज त्याचं नीट उत्तर देतो, कारण हल्ली याच प्रकारे पडलेले सायकलस्वार माझ्याकडे येऊ लागले आहेत.

पहाटे वर्ध्याहून निघून आर्वीमार्गे तळेगाव (श्यामजीपंत) गाठलं होतं. तिथून महामार्गाने घाट चढून कारंजाला जायचं होतं. हा घाट सह्याद्रीतल्या घाटांसारखा उभा नाही. पण साठ-सत्तर किलोमीटर चालवून झाल्यावर पायांना तो उभाच वाटतो. दोनच आठवड्यांपूर्वी मी सायकलला क्लिपलेस पेडल बसवले होते. सराव काय, तर कॉलनीतल्या सपाट रस्त्यावर चार फेऱ्या.

या पेडलचं नाव फसवं आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलला पायाची बोटं अडकवायला पिंजरा आणि पट्टा असे, त्याला टो-क्लिप म्हणत. तो पिंजरा गेला म्हणून हे 'क्लिपलेस'. प्रत्यक्षात बुटाच्या तळव्याला लावलेली क्लीट नावाची पट्टी पेडलमधल्या स्प्रिंगच्या जबड्यात खटकन अडकते. ही कल्पना बर्फावरच्या स्कीवरून आली. १९८५ साली बर्नार्ड इनो यांनी लुक कंपनीचे असे पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकली आणि हे पेडल जगभर पसरले. पाय सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला वळवावी लागते. पाय वर ओढून तो सुटत नाही. आणि घाबरलेला माणूस पाय वरच ओढतो.

सपाटीवर पेडल मारणं थांबवलं तरी सायकल थोडी पुढे सरकते. त्या दोन-तीन सेकंदांत पाय सुटतो. चढावर ती सवलत नसते. पेडल थांबला की सायकल थांबली, आणि थांबली की तोल गेला. शिवाय चढावर आपण पेडलवर पूर्ण जोर देत असतो, आणि जोर असताना टाच वळवणं अवघड जातं.

माझं नेमकं काय चुकलं? गिअर वेळेवर हलका केला नाही. वेग अगदी मंदावल्यावर बटण दाबलं, तर ताणलेली साखळी कुरकुरली, पण उतरली नाही. मी डावा पाय सोडवला, म्हणजे निम्मं काम बरोबर केलं. पण वजन डावीकडे टाकलं नाही. सायकल कलली उजवीकडे, जिथे पाय अजून अडकलेला होता. मी रस्त्याच्या बाजूला आडवा झालो. मागून कापसाच्या गाठींचा ट्रक येत होता. चालकाने तो बाजूला घेतला म्हणून मी हे लिहितो आहे.

पडताना मी उजवा तळहात जमिनीवर टेकवला. सगळेच टेकवतात, ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. शरीराचा सगळा भार मग मनगटावर येतो. मनगट दुखत होतं, पण बोटं हलत होती, सूज थोडीच होती. "मुरगळलं असेल," असं मी स्वतःला सांगितलं आणि चार दिवस पट्टी बांधून ओपीडी केली. हेच एखाद्या रुग्णाने केलं असतं, तर मी त्याला रागावलो असतो.

अंगठा ताठ करून वर उचला. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, दोन शिरांच्या मध्ये एक खळगा दिसेल. पडल्यानंतर त्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर स्कॅफॉइड नावाचं हाड मोडल्याची शंका घ्यायची. हे मनगटातल्या आठ छोट्या हाडांपैकी एक. त्याचा रक्तपुरवठा उलटा असतो, मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून कोपराकडच्या टोकाकडे जाणारा. मध्ये मोडलं तर कोपराकडच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं. मग हाड जुळत नाही किंवा तो तुकडा मरतो, आणि पुढे मनगटाचा संधिवात मागे लागतो. त्यात पहिला एक्स-रे अनेकदा नॉर्मल दिसतो. म्हणून दुखत असेल तर एक्स-रे नॉर्मल असला तरी मनगट आधार देऊन स्थिर ठेवतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा आधीच एमआरआय करतात. माझी फट दुसऱ्या एक्स-रेत दिसली. दहा आठवडे प्लास्टर. त्या काळात प्रिस्क्रिप्शन माझा ज्युनिअर लिहायचा आणि शर्टाची बटणं बायको लावायची.

आता शिकलो ते सांगतो. नवे पेडल बसवले की स्प्रिंगचा ताण सर्वांत सैल ठेवा. बहुतेक एसपीडी पेडलला त्यासाठी ३ मिमीच्या ॲलन चावीचा स्क्रू असतो. पेडलला दोन बाजू असतील तर दोन्हीकडे सारखा सैल करा. क्लीट दोन प्रकारच्या मिळतात. फक्त बाजूला वळवून सुटणारी एक आणि अनेक दिशांनी सुटणारी दुसरी. नवख्याने दुसरी घ्यावी. भिंतीला टेकून, मग गवतावर, प्रत्येक पायाने पन्नास-पन्नास वेळा अडकवा-सोडवा. टाच वळवणं विचार न करता जमलं पाहिजे. पावसाळ्यात आपली काळी माती क्लीटमध्ये गच्च बसते आणि पाय सुटत नाही. चिखलात उतरलात तर क्लीट खरवडूनच पुन्हा चढा.

चढाच्या पायथ्याशीच गिअर हलका करा. आपण डावीकडून चालतो, म्हणून डावा पाय सोडवायचा, तो पेडल सर्वांत खाली असताना. उजव्याने पेडल मारत राहा, सीटवरून पुढे या आणि वजन डावीकडे टाका. हे सगळं सायकल चालती असताना करायचं. "अजून दहा मीटर जमेल" असं मनात आलं, तीच पाय सोडवण्याची वेळ. पुन्हा निघताना दोन्ही ब्रेक धरा, उजवा पेडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा, जोर देऊन निघा. डावा पाय आधी नुसता पेडलवर ठेवा, वेग आल्यावर अडकवा. पायाकडे बघू नका. फार उभं असेल तर सरळ उतरून चालत जा. त्यात लाज कसली?

मधुमेहामुळे तळपाय बधिर झाले असतील तर हे पेडल नकोत. पाय अडकला की सुटला, हेच कळणार नाही. हाडं ठिसूळ असतील, चक्कर येत असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तरीही साधे पेडल बरे. तुमचं काही बिघडत नाही. बेताच्या, एकसारख्या वेगात दोन्ही पेडलवर लागणाऱ्या ऑक्सिजनमध्ये प्रयोगशाळेतही फारसा फरक दिसलेला नाही. शर्यत लढवायची नसेल, तर पकडदार साधा पेडल आणि कडक तळाचा बूट पुरतो.

मी क्लिपलेस काढले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात परतवाड्याहून चिखलदरा चढायचा आहे. पण आता सपाटीवरचा प्रत्येक थांबा मी डाव्या पायाच्या सरावासाठी वापरतो.

तर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. गाडी थांबली होती, म्हणूनच पडलो. पाय त्याआधी सुटायला हवा होता.