समुद्र महागला

आज पुन्हा जोशुआ स्लोकम आठवला. १८९५ साली ‘स्प्रे’ या शिडाच्या होडीतून तो बॉस्टनहून एकटा निघाला आणि १८९८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतला. मोडकळीला आलेली ती होडी नव्याने बांधायला सामानाचा खर्च आला होता ५५३ डॉलर ६२ सेंट. मेहनत त्याची स्वतःची. तेव्हाच्या डॉलरचं मोल वेगळं, हे मान्य. तरीही आजचे आकडे मनाला लागतात. पनामा कालव्यातून छोटी होडी न्यायला ८०० डॉलर पडत, ते २०२० मध्ये १६०० झाले. गालापागोसचं प्रवेशशुल्क २०२४ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक परदेशी प्रौढांसाठी शंभरावरून दोनशे डॉलर झालं. त्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. ती बेटं जपायलाच हवीत. खरी धास्ती विम्याची. विम्याचा कागद नसेल तर अनेक मरीना होडी आत घेत नाहीत, आणि वादळी पट्ट्यात विमा महाग. त्यात २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. ती वाट टाळायची तर आफ्रिकेला पूर्ण वळसा.

पेन्शनीवर जगणारं जोडपं आणि अब्जाधीशाची यॉट यांना एकच मोजपट्टी नको. छोट्या शिडाच्या होड्यांसाठी कालव्यांनी आणि बंदरांनी वेगळा, परवडणारा दर ठेवावा.