वेंगुर्ल्यात अडकलेला दिवस

पिरनवाडीच्या मुलीचा समुद्राशी काय संबंध, असं ऑफिसात कुणी विचारलं की मी म्हादईचं नाव पुढं करते. आमच्या गावावरून जाणारा रस्ता खानापूरला जातो. त्याच तालुक्यात, भीमगडच्या जंगलात ही नदी उगम पावते, आणि तिच्याच नावाच्या शिडाच्या बोटीतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. आमची सफर तेवढी मोठी नव्हे. मैत्रिणीच्या नवऱ्याची बोट, आम्ही चौघं, मुंबई ते गोवा.

वेंगुर्ल्याच्या बंदरात नांगर टाकला तो नाइलाजानं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा रबरी पंखा तुटला होता. सकाळी डिंगीतून धक्क्यावर उतरलो तेव्हा हातात कामांची यादी होती: पंखा, डिझेल, पिण्याच्या पाण्याचे कॅन, बर्फ, कांदे-बटाटे. आणि माझ्या खिशात वेगळं एक काम. निघताना आजीनं फोनवर सांगितलं होतं, "वेंगुर्ला लागलं तर शिरोड्याचं मीठ आण की गं." एवढंच. आजीचं माहेर वेंगुर्ल्याजवळच्या उभादांड्यात आहे, हे तिनं उच्चारलंसुद्धा नाही. घराच्या वाटणीवरून भावाशी बिनसलं, त्याला एकोणीस वर्षं झाली.

मच्छीमारांच्या इंजिनांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानदारानं आमचा तुटका पंखा उलटसुलट करून पाहिला. "ह्यो आमच्या इंजिनांचो न्हय. कुडाळाक सांगतंय, संध्याकाळच्या एसटीन येतलो." म्हणजे दिवस मोकळा झाला. मुंबईसारखंच क्रॉफर्ड मार्केट इथंही आहे, तिथं भाजी घेतली. मग डच वखारीचे भग्न अवशेष पाहिले. सतराव्या शतकात इथं बसून डचांनी गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी केली, आता भिंतींतून झाडं उगवलीत. मला मात्र वखारीपेक्षा बंदराचंच अप्रूप. मुरगावची रेल्वे सुरू होईपर्यंत आमच्या बेळगावचा माल घाट उतरून याच बंदरात यायचा. आजीही तोच घाट चढून, आंबोलीमार्गे, पिरनवाडीला सून म्हणून आली.

दोन वाजता बाकीचे दीपगृहाकडे गेले. मी रिक्षा केली.

घर शोधायला वेळ लागला नाही. माडांखाली एक म्हातारे गृहस्थ सोलं वाळत घालत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोणाचा गो तू?"

"पिरनवाडीच्या आजीची नात."

त्यांचे हात थांबले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, चुकलंच आपलं, आजीला न विचारता यायला नको होतं. मग त्यांनी घरात हाक मारून चहा सांगितला आणि म्हणाले, "ताय बरी आसा मां?"

मी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. आजीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. कोण बोलतंय ते कळल्यावर पलीकडं शांतता. मग तिनं पहिलाच प्रश्न विचारला तो विहिरीचा, पाणी अजून गोडं आहे का म्हणून. मामाआजोबा म्हणाले, "गोडा आसा. मे म्हयन्यात पण आटणा नाय." वाटणीचं कुणी काढलं नाही. विहीर, मागचा फणस, कुणाकुणाच्या मुलांची लग्नं, असं वीस मिनिटं चाललं. आजी मध्येच मालवणीत बोलू लागली, जी आम्ही घरात कधी ऐकली नव्हती. मी अंगणात उभी राहून माडांकडं बघत राहिले, दुसरं करणार काय?

परत धक्क्यावर आले तेव्हा माझ्याकडं सोलांची पिशवी, काजूगर आणि दोन नारळ होते. मीठ बाजारातून घेतलं, ते खरंच शिरोड्याचं की नाही देव जाणे. कुडाळचं पार्सल त्या एसटीनं आलंच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. म्हणून ती रात्र आम्ही बंदरातच काढली. पहाटे मतलई वारा सुटला होता, पण आमचं इंजिन उघडं पडलेलं. बोटीचा मालक वैतागला होता. मी चहात गूळ जास्त टाकून त्याला दिला.

मे महिन्यात वेंगुर्ला-बेळगाव एसटीनं आंब्यांची पेटी आली. पत्ता आजीच्या माहेरच्या नावानं लिहिला होता. कंडक्टरला आजी सापडायला जरा वेळच लागला.