दोन पुस्तकांतला एक संसार

मराठी आत्मचरित्रांत लग्नाचे प्रकरण बहुधा आखूड असते. रमाबाई रानडे यांच्या आठवणी घ्या किंवा लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. विवाह ठरतो तो वडीलधाऱ्यांच्या बैठकीत, वधूला त्याची वार्ता तेवढी कळते, आणि खरा ग्रंथ सुरू होतो तो उंबरठा ओलांडल्यावर. नवऱ्या मुलाची स्थितीही फारशी निराळी नसे. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पण १८७३ साली पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. इतरांना न्याय देणाऱ्या माणसालाही आपले लग्न आपण ठरवता येत नव्हते.

त्यानंतर वीस वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात धोंडो केशव कर्वे आणि गोदूबाई यांचे लग्न लागले. वधू विधवा होती, एवढ्यातच त्या लग्नाचे वेगळेपण नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झालेला होता आणि १८६९ साली मुंबईत असा एक विवाह पुष्कळ गाजलाही होता. वेगळेपण आहे ते दोघांच्या जाणतेपणात. वर पस्तिशीच्या घरातला, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारा विधुर, अकरा वर्षांच्या मुलाचा बाप. वधू पंचविशी ओलांडलेली. तिचे पहिले लग्न बालपणी झाले आणि संसार म्हणजे काय ते कळण्यापूर्वीच संपले. पुढची कितीतरी वर्षे कोकणातल्या घरी राबण्यात गेली. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी तीच. योगायोग असा की, सदन उघडले तीही तारीख ११ मार्चच.

दोघे एकमेकांना अपरिचित नव्हते. गोदूबाईंचे भाऊ नरहरपंत जोशी हे कर्व्यांचे स्नेही. मुंबईत त्यांचे बिऱ्हाड एकत्र होते. १८९१ साली राधाबाई वारल्या. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असे कर्व्यांनी ठरवले. पुढे गोदूबाईंचे वडील पुण्यास आले तेव्हा त्यांनी विषय काढला. वडिलांनी मुलीला विचारले. मुलीने होकार दिला. किती थोडक्यात हे सारे उरकले! पत्रिका, देणेघेणे, मानपान, रुसवेफुगवे यांतले काही नाही. होकार देणाऱ्या स्त्रीने मात्र एक मोठी गोष्ट पणाला लावली होती. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाची मुभा दिली, पण पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा विधवेचा हक्क काढून घेतला. ती मिळकत कितीही क्षुल्लक असो, परतीचा दोर कापला जात होता. माहेरच्यांनाही समाजाचा धाक होताच. यापुढे तिला आधार एकच, तो म्हणजे हा नवरा आणि त्याचे घर.

गोदूबाईंची आनंदीबाई झाली. घरात त्या बाया आणि कर्वे अण्णा.

लग्नाची बातमी मुरूडला पोचली आणि गावाने ठराव केला. कर्व्यांना थारा देईल त्या घरावरही बहिष्कार, असा त्याचा आशय. याच गावासाठी अण्णांनी आपल्या मिळकतीतून पैसा बाजूला काढून मुरूड फंड उभारला होता, ही त्यातली विसंगती. मुलाला आणि सुनेला घरात घ्यावे तर बाकीचे सगळे घर वाळीत पडणार, या पेचात आई सापडली. सुधारणेच्या इतिहासात बहिष्कार हा शब्द मोठ्या अक्षरांत येतो. पण त्याचा अर्थ स्वयंपाकघरात कळतो. कोणाच्या ताटाशेजारी कोणाचे ताट मांडायचे, एवढाच तो प्रश्न असतो, आणि त्याला उत्तर नसते.

येथवरचा भाग अण्णांच्या ‘आत्मवृत्ता’त (१९१५) वाचावा. त्या पुस्तकाची भाषा गणिताच्या शिक्षकाला शोभणारी आहे: अलंकार नाही, तक्रार नाही, आरंभी प्रतिज्ञा आणि मग सिद्धता. बायांचे ‘माझे पुराण’ निघाले १९४४ साली, जवळजवळ तीस वर्षांनी. नावातच थट्टा आहे. बायका बोलू लागल्या की त्याला पुराण म्हणण्याची आपल्याकडची रीत त्यांनी आधीच ओळखून स्वतःच्या पुस्तकाला लावून टाकली. भाषा बोलीच्या वळणाची, थेट, प्रसंगी रागाची. मराठी समीक्षेने या पुस्तकाला ‘आत्मवृत्ता’ची पुरवणी समजण्याची चूक बराच काळ केली. वस्तुतः लग्न कसे झाले हे पहिले पुस्तक सांगते, आणि संसार कसा झाला हे दुसरे.

संसार झाला तो असा. १८९३ च्या अखेरीस अण्णांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारे मंडळ काढले. पुनर्विवाहितांची कुटुंबे घरी येऊ लागली. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला. १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. दिवसभर महाविद्यालयात शिकवावे, संध्याकाळी चार मैल चालत हिंगण्याला जावे, तिथल्या मुलींना शिकवावे, सकाळी परतावे, हा अण्णांचा क्रम. तो पुढे दंतकथेसारखा सांगितला गेला. रोज संध्याकाळी हिंगण्याच्या वाटेला लागणारा माणूस रोज संध्याकाळी घरी नसतो, याकडे मात्र दंतकथा लक्ष देत नाही.

आणि त्या आश्रमात बायांना जागा नव्हती. कारण उघड होते. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठी होता, पुनर्विवाहासाठी नव्हे, अशी खात्री पटल्याशिवाय पालक मुली पाठवीत ना आणि देणगीदार पैसा देत ना. तिथे संस्थापकाची पुनर्विवाहित बायको वावरू लागली, तर आक्षेप येणार हे ठरलेले. ज्या लग्नाने अण्णांच्या कार्याला आरंभ झाला, तेच लग्न कार्याच्या दारात अडचण होऊन उभे राहिले, आणि ती अडचण बायांनी दूर राहून सोडवायची होती. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीसुद्धा विधवाच. तिने पुनर्विवाह केला नाही. ती आश्रमात आली, वर्गणीसाठी गावोगाव फिरली, पुढे १९१८ साली अमेरिकेपर्यंत गेली आणि संस्थेचा आधारस्तंभ ठरली. तिचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र १९२८ साली निघाले. एकाच घरातल्या दोन बहिणी. एकीला वैधव्यामुळे आश्रमाचे दार उघडले आणि दुसरीला सौभाग्यामुळे ते मिटले.

पैशाचा प्रश्न याहून कडवट होता. अण्णांनी साठवलेले पैसे आश्रमाला दिले, आणि पुढे आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही. लोकांनी त्याला त्याग म्हटले आणि तो त्याग होताच. पण दोघांच्या नावावरची गोष्ट एकट्याने देऊन टाकली, तर त्या त्यागात दुसऱ्याचा वाटा किती, हे कोणी विचारले नाही. बाया संतापल्या. मुले लहान, सासर-माहेरचा आधार तुटलेला, नवरा उद्या नसला तर काय, या चिंतेला क्षुद्र कोण म्हणेल? एकदा नवरा गेल्यावर बाईचे काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते.

म्हणून त्यांनी आपली व्यवस्था आपण लावली. नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले. आश्रयाला आलेल्या बायकांना घरात जागा दिली, येणाऱ्याजाणाऱ्यांचे केले आणि त्यातूनच घर चालवले. अण्णा आश्रम चालवीत होते. पाटीवर नाव नसलेला दुसरा आश्रम बाया चालवीत होत्या. सवतीचा मुलगा रघुनाथ पुढे संततिनियमनाचा निर्भीड प्रचारक झाला आणि १९२७ पासून त्याने ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. शंकर, दिनकर, भास्कर ही बायांची मुले. या घरात मुले आपापल्या बुद्धीने वागायला शिकली, याचे श्रेय चरित्रकार अण्णांना देतात. थोडे त्या रागालाही द्यायला हरकत नसावी.

कारण तो राग तुटण्याचा नव्हता. बायांनी अण्णांना ध्येयापासून ओढून आणले नाही आणि आपला हिशेबही सोडला नाही. सत्तावन्न वर्षे हा वाद आणि हे सहजीवन बरोबरीने चालले. १९५० साली बाया गेल्या, अण्णा पुढे १९६२ पर्यंत जगले. ‘माझे पुराण’ प्रसिद्ध झाले तेव्हा ते शहाऐंशी वर्षांचे होते. ज्या नवऱ्याविषयी त्यात इतके स्पष्ट लिहिले आहे, तो ते वाचायला घरातच होता.