पाळीचे पाणी

पाणी मुबलक असले म्हणजे ते वाटण्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि अजिबात नसले म्हणजेही उद्भवत नाही. वाटणीचे शास्त्र, तिचे कायदे, तिच्या फिर्यादी आणि तिच्यापायी माजणारी भाऊबंदकी हे सारे जन्माला येते ते पाणी आहे, परंतु सर्वांना एकदम पुरत नाही, अशा मधल्या अवस्थेत. माझे आयुष्य या मधल्या अवस्थेतच गेल्यामुळे पाण्याची पाळी मला बालपणी पाटकऱ्याच्या रूपाने भेटली, नोकरीत सरकारी पासाच्या रूपाने भेटली, आणि आता निवृत्तीनंतर, गच्चीवरच्या नळाला जोडलेल्या, चार तोंडांच्या व पेन्सिल सेलवर चालणाऱ्या टायमरच्या रूपाने ती माझ्याच घरी वस्तीला आली आहे.

आमचे गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तेथील फड पद्धत काही शतकांची जुनी. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि बागाइतदारांचे तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले, जेणेकरून उसाचा लाभ कोणा एकालाच होऊ नये आणि टंचाईच्या साली कोरड्या राहिलेल्या फडाचा भार कोणा एकाच्याच माथी बसू नये. पाणी द्यायचे ते पाटकऱ्याने. मालकाने आपल्या वाफ्याचे दारेसुद्धा स्वतःच्या हाताने मोडू नये, असा दस्तूर होता. आमचा पाटकरी भिजलेल्या वाफ्यात अनवाणी उतरे, टाच दाबून पाही, आणि ती मनासारखी रुतली की कुदळीने मातीचा ढिगारा ओढून ते दारे बुजवी व पुढचे मोडी. त्याच्याजवळ घड्याळ नव्हते; पण वाफा कोणाचा आहे हे पाहून त्याची टाच कधी हलकी वा जड झाली, अशी तक्रार मी ऐकली नाही.

पुढे पाटबंधारे खात्यात कारकुनी पत्करली, तेव्हा हीच पाळी मला कागदावर दिसू लागली. १८७९ च्या मुंबई कायद्याने आणि त्यानंतर १९७६ च्या महाराष्ट्र कायद्याने बांधलेल्या त्या कारभारात पाणीअर्ज यावयाचे, क्षेत्राचा व थकलेल्या पाणीपट्टीचा हिशेब लागावयाचा, मग शेजपाळीचा तक्ता तयार होऊन ज्याला त्याला तारीख आणि वेळ मुकरर केलेला पास मिळावयाचा. त्या तक्त्याचे मर्म असे की चारीवर पाणी पुच्छाकडून शीर्षाकडे द्यावयाचे. कारण मुखाशी असणारा मनुष्य केव्हाही पाणी घेऊ शकतो, पण टेलच्या शेतकऱ्याचा नंबर शेवटी लावला तर तेथवर पाणी पोहोचेल याची हमी कोणताही अंमलदार देऊ शकत नाही.

आपोआप चालणाऱ्या पाण्याचेही आपल्याकडे अप्रूप असण्याचे कारण नाही. ज्या विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या आरंभी धुळ्याकडे पांझरेच्या पाटासाठी नळाचा वक्रनलिका-मार्ग बांधला, आणि पुढे नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणून थोड्या गावांचे पाणी अधिक गावांत फिरते केले, त्यांनीच १९०३ मध्ये खडकवासल्याच्या तलावावर स्वयंचलित दरवाजे बसविले. ठराविक पातळीवर पाणी चढले की ते आपण होऊन उघडत आणि पाणी उतरले की मिटत. तेथे हुकूम पाण्याचा होता. माझ्या टायमरमध्ये तो घड्याळाचा आहे, एवढाच फरक.

हा फरक मात्र क्षुल्लक नाही, कारण पाणी कोठवर पोहोचले हे घड्याळाला कळत नाही; पाळीचा क्रम व मुदत मलाच ठरवावी लागते. माझ्या बागेचे चार भाग आहेत: गच्चीवर भाजीच्या पिशव्या, सज्ज्यात मोगरा व तुळस, पुढील अंगणात जास्वंद व शेवंती, आणि मागे लिंबू, कढीपत्ता व पपई. टाकी गच्चीवरच, पुरुषभर उंचीच्या चौथऱ्यावर. पाण्याचा स्तंभ दहा मीटर उंच असेल तेव्हा कोठे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब मिळतो. म्हणजे टाकीला अगदी लगटून असलेली गच्चीवरची वांगी ही दाबाच्या दृष्टीने सर्वांत दरिद्री, आणि दोन मजले खाली असलेला लिंबू सर्वांत श्रीमंत. चारही तोंडे एकदम उघडली तर खालच्या नळ्या सगळे पाणी ओढून नेतात आणि वरचे ठिबक कोरडे पडतात. येथे टेलचा शेतकरी मुखाशीच बसलेला आहे! म्हणून पहाटे पाचला पहिली पाळी गच्चीची. तिचे तोंड मिटल्यावरच सज्जा, मग अंगण, आणि सर्वांत शेवटी लिंबू. सोलेनॉइड झडपेचे टायमर बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास दाब मागतात. टाकीच्या नळाला फिरत्या गोळ्याच्या झडपेचाच हवा, कारण तो नुसत्या उताराच्या पाण्यावरही चालतो.

किती मिनिटे, हे पाकिटावर वाचून ठरत नाही. ज्या ठिबकावर ताशी चार लिटर असे छापलेले असते, तो पुरेशा दाबाखाली तेवढे देतो. गच्चीवर मी त्याच्याखाली मापाचे भांडे ठेवून पाहिले, तेव्हा निम्मेही भरले नाही. त्यामुळे वरच्या पाळीची मुदत खालच्या पाळीच्या दुप्पटीहून अधिक ठेवावी लागली, आणि ही असमान मिनिटे लावल्यावरच सर्वांना सारखे पाणी मिळू लागले.

या यंत्राला टाच नाही. आषाढात बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना तेही आपले इमानेइतबारे पाणी सोडीत राहील. म्हणून मृग बरसला की त्याचे घड्याळ थांबविणे आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते पुन्हा चालू करणे हे काम मालकाकडेच राहते. पण फडाने, शेजपाळीने आणि या चार तोंडांच्या टायमरने मला एकच गोष्ट पटवून दिली आहे: अपुरे पाणी सर्वांना एकाच वेळी थोडेथोडे देणे हा न्याय नव्हे, ज्याच्यापर्यंत ते पोहोचणे सर्वांत कठीण, त्याला प्रथम आणि पोटभर देऊन मगच पुढे जाणे, हा न्याय. तेव्हा वाचकहो, बागेला टायमर लावणार असाल तर झाडे मोजण्याआधी टाकीची उंची मोजा, आणि पहिली पाळी ज्याचा दाब सर्वांत कमी त्याला द्या.