मनसंतोषचा कातळ

मालवणात उंची मोजायची ती माडाने. तरी यंदा जिल्ह्यातले अवघड माथे चढायचं डोक्यात शिरलं. आये म्हणाली, "इतक्या वर कित्याक जातंस रे?" उत्तर नव्हतं.

शिवापूरच्या बाजूने मनोहरगड चढलो. आग्र्याहून सुटल्यावर, १६६७ मध्ये, शिवाजी महाराज इथे काही काळ राहिले होते. वर वारा आणि रान, बाकी शांतता. शेजारीच मनसंतोषगड. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडात हे दोन्ही गड होते. उंचीच म्हणाल तर कळसूबाई शिखर १६४६ मीटर, राज्यात सर्वांत उंच. पण तिथे लोखंडी शिड्या आहेत. मनसंतोषला उघडा कातळ. उंचीच्या आकड्यांवर भुलणाऱ्यांनी तो एकदा बघावाच.

दोर नव्हता, जाणकारही नव्हता. मी खालूनच परतलो.